सॅक्सोफोन का चिरकतो? नवशिक्यांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सॅक्सोफोन शिकताना येणाऱ्या अडचणी कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत एक समजूत पुन्हा पुन्हा दिसली: सूर बिघडला म्हणजे बोटं चुकली. बोटं चुकतातही, पण ती भानगड पुढची. पहिल्या सहा महिन्यांत आवाज बिघडतो तो रीडमुळे (फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी), ओठांमुळे, फुंक अपुरी पडल्यामुळे, नाहीतर एखादं पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी कातडी गादी, नीट बसत नसल्यामुळे. शोधही त्याच क्रमाने घ्यावा. खालची उत्तरं सॅक्सोफोन शिकवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वय ५४. निवृत्तीच्या आधीच सॅक्सोफोन हातात घ्यायचा विचार आहे. जुन्या हिंदी गाण्यांतला आवाज डोक्यात बसलाय. अल्टो घेऊ की टेनर? ऑनलाइन पंचवीस हजारांत नवंकोरं वाद्य दिसतंय, घ्यावं का? (कोल्हापूर)

अल्टो घ्या. त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास, टेनर साधारण साडेतीन किलोचा. हा एक किलो मानेला अर्ध्या तासात जाणवतो. टेनरला फुंकही जास्त लागते. शिवाय तुमच्या डोक्यात बसलेला आवाज बहुधा अल्टोचाच असेल. हिंदी चित्रपटसंगीतातले मनोहारी सिंग अल्टोसाठीच ओळखले जातात. सरळ नळीचा सोप्रानो दिसायला आटोपशीर, पण सुरात ठेवायला फार अवघड. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पंचवीस हजारांच्या बिनब्रँडच्या वाद्याचा पहिल्या दिवशीचा आवाज बरेचदा बरा असतो. घोटाळा पुढे होतो. कीजचा, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांचा, धातू मऊ असतो, दांड्या वाकतात, पॅड छिद्रावर वाकडं बसू लागतं आणि वर्षभरात खालचे सूर येईनासे होतात. अशा वाद्याला सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दुरुस्ती करणारे हात लावायला तयार नसतात. तेवढ्याच पैशांत किंवा थोडे जास्त घालून नावाजलेल्या कंपनीचं वापरलेलं विद्यार्थी मॉडेल मिळत असेल तर ते बघा. यामाहाचं वायएएस-२८० हे सध्याचं असं मॉडेल; त्याच्या आधीचं वायएएस-२७५ जुन्या बाजारात सापडतं.

जुनं वाद्य घेताना वाजवता येणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि त्याला सगळ्यात खालच्या बी-फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत हळू आवाजात वाजवायला सांगा. जोरात फुंकलं की गळकं वाद्यही बोलतं. हळू फुंकल्यावर खरं काय ते कळतं. नेकच्या, म्हणजे वरच्या वाकड्या सुट्या नळीच्या, खालच्या बाजूला सुरकुती किंवा फुगवटा दिसला तर नेक कधीतरी वाकलेली आहे, सोडून द्या. नेक स्क्रू आवळल्यावरही डुगडुगत असेल तर तिथून हवा जाते. लॅकर (वरचा चकचकीत लेप) उडालेलं असेल तर त्याचं काही वाटून घेऊ नका, आवाजाशी त्याचा संबंध नाही. सगळी पॅड बदलायची वेळ आली असेल तर तो खर्च आधी विचारा आणि किमतीत धरा.

आणि इतकं सगळं सांगूनही स्वस्तातलंच घेणार असाल, तर निदान माउथपीस, म्हणजे नेकवर बसणारा तोंडात धरायचा भाग, बदला. यामाहा ४सी हे साधं, काळं, प्लास्टिकचं माउथपीस काही हजारांत मिळतं आणि फरक पहिल्या फुंकेत कळतो.

प्रश्न : मी बारावीची परीक्षा दिली आहे. दोन महिने व्हिडिओ बघून अल्टो वाजवतोय. मधेच एकदम किंचाळल्यासारखा आवाज येतो, मित्र हसतात. खालचा ओठ आतून दातांनी सोलला जातो. रीड ३ नंबरचं आहे. (नाशिक)

तुझ्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं एकमेकांशी जोडून बघ. ३ नंबरचं रीड नवशिक्याला कडक पडतं. ते हलावं म्हणून तू जबडा आवळतोस, म्हणून ओठ सोलतो, आणि आवळलेलं रीड नीट थरथरू शकत नाही म्हणून किंचाळतं. आधी २ नंबरचं रीड आण. ४सीसारख्या माउथपीसवर सुरुवातीला २ किंवा फार तर अडीच. कंपनीगणिक नंबर थोडे इकडेतिकडे असतात, त्यामुळे कंपनी बदललीस तर नंबर पुन्हा ठरवावा लागेल.

आता जोडणी. गळ्यात स्ट्रॅप आधी घाल. रीड मिनिट-दोन मिनिटं तोंडात ओलं कर. लिगेचर (रीड आवळून धरणारं कडं) माउथपीसवर सैल चढव आणि मग रीड खालून आत सरकव. उलट केलंस तर रीडचं टोक लिगेचरला लागून तुटतं. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी जुळायला हवं. समोरून पाहिलं की रीडच्या वर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. रीड वर आलं तर आवाज जड होतो, फार खाली गेलं तर चिरकतो. लिगेचरचे स्क्रू बोटांनी बसतील तेवढेच आवळ.

तोंड कुठे लावायचं हे मोजून ठरवता येतं. कोऱ्या कागदाची पट्टी रीड आणि माउथपीसच्या फटीत हलकेच सरकव. जिथे ती अडते, तिथेच रीड माउथपीसला टेकतं. त्या जागी रीडवर पेन्सिलीने खूण कर. खालचा ओठ त्या खुणेवर यायला हवा. वरचे दात माउथपीसवर टोकापासून साधारण एक सेंटिमीटर मागे टेकव. खालचा ओठ दातांवर किंचित आत वळलेला, पूर्ण गिळलेला नको. ओठांचे कोपरे आत ओढलेले, हनुवटी सपाट, गाल फुगलेले नकोत. दाब सगळ्या बाजूंनी सारखा हवा, फक्त खालून वर नको. वरच्या दातांना माउथपीसचा कंप फार बोचत असेल तर दातांखाली चिकटवायची रबरी चकती मिळते, ती लाव.

मग पूर्ण वाद्य बाजूला ठेव आणि फक्त नेक व माउथपीस जोडून वाजव. अल्टोवर हा सूर पेटीच्या काळी चारच्या जवळ यायला हवा, म्हणजे ट्यूनरवर ए-फ्लॅट. टेनर असता तर पांढरी तीन. सूर त्याच्या वर जात असेल तर तू चावतोयस. खाली पडत असेल तर ओठ ढिले आहेत किंवा फुंक मंद आहे. हा एकच सूर आठ मोजेपर्यंत न डगमगता धरता आला की मगच वाद्य जोड. रोज पाच मिनिटं यावर घालव. कंटाळवाणं आहे, पण ओठांची सगळी ठेवण इथेच बसते.

एवढं करूनही किंचाळलाच तर हात बघ. डाव्या तळहाताजवळ तीन मोठ्या कीज आहेत, अगदी वरच्या सुरांसाठीच्या. डावा हात वाद्याला घट्ट चिकटवला की त्यातली एखादी नकळत दाबली जाते. उजव्या हाताच्या बाजूला तशाच तीन आहेत. हातात लिंबू धरल्यासारखी पोकळी ठेवली की हा प्रकार थांबतो. किंचाळणं नेमकं मधल्या सीवरून डीवर जातानाच होत असेल, तर तिथे एका बोटावरून एकदम सहा बोटं आणि अंगठा लागतो. कुठलंतरी बोट उशिरा पोचतं. सी-डी-सी-डी एवढंच, अगदी संथ लयीत घोक.

आणखी एक, व्हिडिओत सहसा ऐकू येत नाही म्हणून सांगतो. प्रत्येक सुराला फुंक नव्याने सोडत असशील तर ते बंद कर. फुंक अखंड, आणि जिभेचं टोक रीडच्या टोकाला हलकेच लागून सुटतं, ‘दू-दू-दू’ म्हटल्यासारखं.

प्रश्न : जून ते सप्टेंबर इथे काहीच वाळत नाही. रीडवर काळे ठिपके येतात. प्लास्टिकचं रीड चालेल का? (चिपळूण)

रीड म्हणजे वेतासारख्या एका गवताची पातळ तासलेली पट्टी. लाळेने ओली, हवा दमट आणि डबी बंद, मग बुरशी धरणारच. वाजवून झालं की रीड काढून बोटांनी पाणी निपटा, सपाट काचेवर किंवा रीडच्या खाचांच्या डबीत उघडं ठेवा. पंख्याखाली तासभर वाळलं की मगच झाकण लावा. रीड माउथपीसवर तसंच ठेवून टोपण घालायची सवय पावसाळ्यात महाग पडते. सालीच्या बाजूला तपकिरी-जांभळे डाग मुळातच असतात, ते निरुपद्रवी. तासलेल्या भागावर काळे ठिपके किंवा लव दिसली तर रीड फेकून द्या, पुसून वापरू नका.

एकाच रीडवर रोज वाजवू नका. तीन-चार रीडं क्रमाने वापरा, मागे पेन्सिलीने आकडे घाला. नवं रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, मग पूर्ण वेळ. एक रीड रोजच्या वापरात दोन ते चार आठवडे टिकतं. आवाज पातळ, भुंग्यासारखा झाला की त्याचं आयुष्य संपलं. दहाच्या खोक्यातली एक-दोन पहिल्यापासूनच वाईट निघतात, त्याला इलाज नाही.

कृत्रिम रीड चालतं. लेजेर वगैरे कंपन्यांची रीडं महाग, पण ओलं करावं लागत नाही, बुरशी नाही, महिनोन् महिने चालतात. कोकणातल्या पावसाळ्यासाठी एक बाळगायला हरकत नाही. फक्त शिकण्याची सुरुवात त्याने करू नये. रीड थोडं कडक, थोडं मऊ झाल्यावर ओठ कसे जुळवून घ्यायचे हे साध्या रीडवरच कळतं.

प्रश्न : मधले सूर छान येतात. खालच्या डीच्या खाली गेलं की एकतर घुरघुर होते किंवा सूर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. फुंक वाढवून पाहिली. सर म्हणतात दमसास वाढव. (पुणे)

सरांचं म्हणणं चूक नाही, पण आधी वाद्य तपासा. खालच्या सुरांना जवळपास सगळी छिद्रं बंद असावी लागतात. वर कुठेही केसाएवढी फट राहिली तरी तिचा परिणाम खाली दिसतो. वरचे सूर मात्र खुशाल वाजतात, म्हणून दोष वाद्यात आहे असं मनातही येत नाही.

पहिली तपासणी नेकची. डाव्या हाताची तिन्ही बोटं दाबून जी धरा आणि अंगठ्याने ऑक्टेव्ह की (सूर वरच्या सप्तकात नेणारी) दाबा-सोडा. नेकवरचं छोटं पॅड अजिबात हललं नाही पाहिजे. ते उचललं जात असेल तर नेकभोवतीची ऑक्टेव्ह कीची कडी वाकली आहे. सूर वरच्या सप्तकात उडी मारण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. वाद्य जोडताना नेक त्या कीवरच पकडून पिळली की कडी वाकते. नेक पकडायची ती वळणाच्या खाली, की मोकळी ठेवून. वाकलेली कडी हाताने सरळ करता येते, पण पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या.

दुसरी जी-शार्पची. त्या कीचं पॅड एरवी बंद असतं, चिकटतं आणि मग स्प्रिंगला ते उचलवत नाही. उलट प्रकारही होतो: त्याच्यावरचा छोटा स्क्रू सैल झाला तर उजव्या हाताची बोटं दाबल्यावर ते पुरतं बंद राहत नाही आणि खालचे सगळे सूर कमजोर होतात. एक युक्ती आहे. खालचा डी वाजवताना जी-शार्पचं पॅड दुसऱ्या माणसाला हलकेच दाबून धरायला सांगा. सूर लगेच भरदार झाला तर चोर सापडला.

बाकीच्या पॅडसाठी सिगारेटच्या पातळ कागदाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा. पॅडखाली ठेवून की नेहमीच्याच दाबाने बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही बाजूंना ओढ सारखी लागायला हवी. एका बाजूने पट्टी अलगद निसटली तर तिथे फट आहे. काळोख्या खोलीत बारीक एलईडी दिव्यांची माळ नळीत सोडूनही हे दिसतं. दुरुस्तीवाले तेच करतात. फट सापडली की तिथे थांबा. पॅड तापवून बसवणं, स्क्रू फिरवणं घरी करू नये. एक स्क्रू फिरवला की दुसऱ्या दोन कीज बिघडतात, कारण त्या एकमेकींना जोडलेल्या असतात.

चिकट पॅडसाठी तोच कागद खाली ठेवा, की चार-पाच वेळा दाबा-सोडा, कागद ओला होईल, बदला. दाबून ठेवलेल्या पॅडखालून कागद ओढून काढू नका, कातडं फाटतं. टाल्कम पावडर लावायचा सल्ला सर्रास मिळतो. ती ओलाव्यात थिजून पॅडवर पापुद्रा धरते. नको.

वाद्य निर्दोष ठरलं की मग सरांचं ऐका. खालच्या सुराला जोर लागत नाही, फुंकेचा विस्तार लागतो. घसा जांभई दिल्यासारखा उघडा, जबडा किंचित सैल, फुंक उबदार आणि भरपूर. आपल्याकडे गायक खर्ज भरतात तेच हे. जीपासून सुरुवात करून एकेक सूर खाली या आणि जो सूर स्थिर राहील तिथून पुढचा घ्या. सगळ्यात खालचे बी आणि बी-फ्लॅट तीन-चार महिन्यांत नीट आले नाहीत तरी काळजीचं कारण नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, सॅक्सोफोनच हवा म्हणून हट्ट धरून बसलाय. (डोंबिवली)

पुढचे वरचे पक्के दात पूर्ण आलेत का ते बघा. त्यांच्यावर माउथपीस टेकतं. उजव्या हाताची करंगळी खालच्या सीच्या कीपर्यंत ताण न देता पोचते का, तेही दुकानात प्रत्यक्ष बघा. बहुतेक मुलांना दहा-अकराव्या वर्षी हे जमतं. तोवर त्याला प्लास्टिकचा रेकॉर्डर घेऊन द्या, काही शे रुपयांत येतो. त्यावरचे बी, ए, जी ज्या बोटांनी वाजतात त्याच डाव्या हाताच्या बोटांनी सॅक्सोफोनवरही वाजतात, त्यामुळे शिकलेलं फुकट जात नाही. दातांना तार बसवली असेल तर वाजवता येतं; ओठाला लागू नये म्हणून दंतवैद्याकडचं मेण तारेवर लावायचं.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात पेटी पांढरी चारवर असते. पांढरी चार म्हणजे एफ, म्हणून मी अल्टोवर एफ सा धरून वाजवतो, तर भयंकर बेसूर लागतं. मोबाइलवरचा ट्यूनरही वेगळाच स्वर दाखवतो. वाद्य खराब आहे का? (इचलकरंजी)

वाद्य ठीक आहे. सॅक्सोफोनवर ज्याला सी म्हणतात तो पेटीवरचा सी नसतो. अल्टोवर सीची बोटं धरली की पेटीवरची काळी दोन वाजते. टेनरवर सीची बोटं धरली की काळी पाच. हे मुद्दाम केलेलं आहे: अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं ते लहानमोठ्या वाद्यांच्या सबंध कुटुंबाचं, आणि कुठलंही वाद्य उचललं तरी बोटं तीच राहावीत म्हणून लिहिलेला स्वर तोच ठेवतात, प्रत्यक्ष सूर बदलतो.

नियम सोपा. पेटीचा जो सा असेल त्यापासून अल्टोवर तीन अर्धस्वर खाली उतरा. टेनरवर दोन अर्धस्वर वर चढा. तुमच्या पांढरी चारला अल्टोचा सा होतो डी. काळी एकला बी-फ्लॅट, पांढरी एकला ए, काळी दोनला सी, पांढरी पाचला ई, काळी चारला एफ, काळी पाचला जी. टेनरवाल्यांनी पांढरी एकला डी, पांढरी चारला जी, काळी एकला ई-फ्लॅट, काळी पाचला सी धरावा. हे एका कागदावर लिहून केसच्या झाकणात चिकटवा. कार्यक्रमात ऐनवेळी पट्टी बदलते तेव्हा हिशेब करायला वेळ नसतो.

सगळ्या पट्ट्या सारख्या सोप्या नसतात. अल्टोला काळी दोन, काळी पाच, काळी चार, पांढरी चार हाताला सोप्या. पांढरी तीन किंवा पांढरी सात म्हटलं की जवळपास प्रत्येक स्वराला शार्प, नवशिक्याची दमछाक होते. काळी एकला घाबरू नका. त्यातला बी-फ्लॅट वाजवायला डाव्या तर्जनीने बीची की आणि तिच्या लगत खाली असलेली छोटी की एकाच वेळी दाबायची, काम झालं.

सुरुवात करायची तर काळी पाचवर भूप घ्या. अल्टोवर सा जी, रे ए, ग बी, प वरचा डी, ध वरचा ई, तार सा वरचा जी. सगळी बोटं साधी, आणि गवरून पवर जाताना मधल्या सी-डीमधला अवघड टप्पाही ओलांडायची सवय होते. आरोह-अवरोह, मग नेहमीचे पलटे, प्रत्येक स्वर चार मात्रा.

आता सूर जुळवणं. माउथपीस नेकच्या टोकावरच्या कॉर्कवर आत सरकवलं की सूर चढतो, बाहेर काढलं की उतरतो. कॉर्कला ग्रीस लावून माउथपीस पिळत चढवा, ढकलू नका. एकेक मिलिमीटरने जुळवा. आधी दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम करा, मगच पेटीशी मिळवा. हवेतला ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणून उन्हाळ्यात मंडपात सॅक्सोफोन चढतो. पेटीची पितळी पाती उष्णतेने चढत नाहीत, उलट किंचित उतरतात. मे महिन्यातल्या सप्ताहात माउथपीस नेहमीपेक्षा बाहेर लागलं तर दचकू नका. पेटीच मुळात प्रमाण सुरावर नसेल तर ट्यूनर खिशात ठेवा आणि पेटीशी जुळवा. मंडळात पेटी म्हणेल ते खरं.

प्रश्न : घरची परंपरा सनईची. सॅक्सोफोन शिकायचा तर सनईचं काय कामाला येईल? मींड निघते का? (पंढरपूर)

दमसास पूर्ण कामाला येईल. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडायची सवय असेल तर तीही येईल. सनईसारखीच सॅक्सोफोनची नळी निमुळती, खाली रुंद होत गेलेली, त्यामुळे वरच्या सप्तकात बोटं बहुतांशी तीच राहतात. सुटायला हवं ते ओठांचं वळण. सनईची पत्ती ओठांत धरतात, दात लांब असतात. इथे वरचे दात माउथपीसवर टेकवायचे आणि दाब बराच कमी ठेवायचा. सनईच्या जोराने फुंकलं तर रीड बंद पडतं.

मींड निघते, पण वाट वेगळी. छिद्र बोटाने अर्धं उघडायची सोय नाही, मध्ये पॅड आहे. की अतिशय सावकाश सोडली तर पॅड हळूहळू उचलतं आणि स्वर सरकत वर जातो. जी-ए-बी या तीन स्वरांवर आधी करून बघा. दुसरी वाट ओठांची: जबडा सैल करून स्वर खाली वाकवता येतो, वर मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून चढती मींड हवी असेल तर वाकवलेल्या स्वरापासून सुरुवात करून ओठ पूर्ववत आणायचे. वरच्या सप्तकात हे सहज होतं, खर्जात फारसं नाही. मंगळूरचे कदरी गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी अल्टोवर कर्नाटक संगीतातली गमकं अशा अंगाने वाजवून दाखवली. त्यांचे वडील नागस्वरम वाजवत, म्हणजे तुमच्यासारखीच घरातली तयारी. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका, ऐकताना स्वर कुठून उचलला जातो तेवढंच टिपा.

प्रश्न : मी पेटी शिकले आहे, सरगम येते. सॅक्सोफोनसाठी स्टाफ नोटेशन शिकायलाच हवं का? (फोंडा)

शिका. बोटांचे तक्ते, सरावाची पुस्तकं, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा, सगळं त्याच लिपीत आहे. एकच ट्रेबल क्लेफ वाचायचा असतो, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. तुमच्या गोव्यातच चर्चच्या संगीतशाळांत शिकलेल्या वादकांना मुंबईच्या नृत्यबँडांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जागा मिळाल्या त्या कागदावरचं पाहताक्षणी वाजवता येत होतं म्हणून. सरगम सोडू नका मात्र. राग वाजवताना तीच लागते.

प्रश्न : इमारतीत सराव करतो, खालचे काका तक्रार करतात. बेलमध्ये (वाद्याच्या रुंद तोंडात) टॉवेल कोंबला तरी आवाज तेवढाच. आणि उजवा अंगठा दुखतो. (ठाणे)

सॅक्सोफोनचा आवाज बेलमधून कमी आणि उघड्या छिद्रांमधून जास्त येतो. टॉवेलने फक्त खालचे सूर दबतात, तेही बेसूर होऊन. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा, खिडकी लावा आणि काकांशी बोलून संध्याकाळची ठरावीक वेळ पक्की करा. पलटे आणि अवघड बोटं एरवी न फुंकता, नुसत्या कीज दाबून घोकता येतात. अर्धा तास वाजवायचं ठरवलं असेल तर पाच मिनिटं नेक-माउथपीस, दहा मिनिटं लांब सूर, दहा मिनिटं पलटे, उरलेल्या वेळात गाणं. संपल्यावर नळीतून कापड ओढून पाणी काढायला विसरू नका.

अंगठा दुखतो कारण तो वजन उचलतोय. वजन स्ट्रॅपने घ्यायचं. स्ट्रॅप इतका वर घ्या की मान न झुकवता, खांदे न उचलता माउथपीस आपोआप तोंडाशी येईल. अंगठ्याचं काम वाद्य पुढे ढकलून धरायचं, बस. तरी दुखलं तर मागच्या बाजूचं अंगठ्याचं हूक बघा: बहुतेक वाद्यांवर त्याचा स्क्रू सैल करून ते वरखाली सरकवता येतं. अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध, समोरासमोर येईल असं ते बसवा. खांद्यावरून जाणारा हार्नेस घेतला तर मानेचंही भागेल.